नलारबोर ओलांडताना: एकटीने कॅराव्हॅन घेऊन केलेला ॲडलेड ते नॉर्समन प्रवास

आडवाट

मागच्या ऑगस्टमध्ये मी ॲडलेडहून कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर, घेऊन एकटी निघाले आणि अकराव्या दिवशी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नॉर्समन या गावी पोहोचले. अंतर साधारण दोन हजार किलोमीटरांचे आहे. परत आल्यापासून ओळखीच्या मराठी मंडळींनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे "भीती नाही का वाटली?" भीती वाटली. पण ती कशामुळे आटोक्यात राहिली हे फारसे कोणी विचारत नाही, म्हणून हा धागा काढते आहे. एकटीने जाणे वेगळे आणि कोणाला न कळवता जाणे वेगळे, हे मला या प्रवासात पुरते उमगले. पहिली गोष्ट मी पुन्हा करीन, दुसरी कधीही करणार नाही.

आधी रस्त्याबद्दल. पोर्ट ऑगस्टा ते नॉर्समन हा आयर महामार्ग सुमारे १,६६० किलोमीटर लांबीचा असून तो संपूर्ण डांबरी व्हायला १९७६ साल उजाडले. एडवर्ड जॉन आयर याने १८४१ साली हा कोरडा किनारा ओलांडला, त्यावरून रस्त्याला हे नाव मिळाले. त्याच्यासोबत शेवटपर्यंत टिकला तो वायली नावाचा आदिवासी तरुण होता आणि त्याचे नाव या महामार्गाच्या पाट्यांवर नाही, याची मला वाटेत सारखी रुखरुख लागून राहिली. सेडूना हे गाव मागे पडले की पुढच्या जवळजवळ बाराशे किलोमीटरांत पेनाँगसारखी एखादी छोटी वस्ती सोडली तर गाव म्हणावे असे काही लागत नाही. दर शंभर-दोनशे किलोमीटरांवर एक रोडहाउस असते, म्हणजे इंधनाचा पंप, खानावळ, चार खोल्या आणि कॅराव्हॅन उभी करायला मोकळी जागा. दोन पंपांमधले सर्वांत मोठे अंतर दोनशे किलोमीटरांच्या आत असल्यामुळे या रस्त्यावर डिझेल संपण्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही, मात्र हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना वारा समोरून येतो आणि मग गाडी अक्षरशः डिझेल पिते. शंभर किलोमीटरला पंधरा लिटर लागतील असा माझा हिशेब होता; एका दिवशी तो वीसवर गेला. तेव्हापासून मी एकच नियम पाळला, की टाकी अर्ध्यावर आली आणि पंप दिसला, की भाव न पाहता ती भरायची.

माझी कॅराव्हॅन सोळा फुटांची, जुनी घेतलेली आहे. निघण्याच्या आदल्या आठवड्यात मी ती संपूर्ण भरून वजनकाट्यावर नेली. घरी कागदावर मांडलेल्या वजनापेक्षा ती एकशे साठ किलोंनी जड निघाली. भांडी, पुस्तके, पांघरुणे, डाळ-तांदूळ हे सगळे "एवढेसे" म्हणत आपण भरत जातो आणि त्याचे वजन मनात कधीच धरत नाही. टो-बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागे कॅराव्हॅन जिथे जोडतात त्या गोळ्यावर, कॅराव्हॅनच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार यावा असा संकेत आहे. तो कमी पडला, म्हणजे मागच्या बाजूला वजन जास्त झाले, तर कॅराव्हॅन वेगात शेपटासारखी डावी-उजवीकडे झोलू लागते आणि पुढची गाडीही ओढून नेते. म्हणून मी मागच्या कपाटातला लोखंडी तवा, खलबत्ता आणि अवजारांची पेटी पुढे हलवली, पाण्याच्या दोन्ही टाक्या ॲक्सलच्या आसपासच असल्याची खात्री केली आणि पुन्हा काट्यावर गेले. या दोन फेऱ्यांमध्ये माझी अख्खी सकाळ गेली, पण त्या सकाळीइतका सत्कारणी लागलेला वेळ पूर्ण प्रवासात दुसरा नाही.

आता निरोपांची व्यवस्था. वाईला माझी आई आणि धाकटा भाऊ असतात. या रस्त्यावर मोबाइल फक्त रोडहाउसांच्या आसपास, तोही लागला तर लागतो, म्हणून उपग्रहामार्फत निरोप पाठवणारे छोटे यंत्र मी बरोबर घेतले होते. शिवाय संकटसंकेत देणारे व्यक्तिगत बीकन ऑस्ट्रेलियन सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे माझ्या नावाने नोंदवून घेतले होते. या प्रवासात घड्याळ दोनदा बदलते. दक्षिण ऑस्ट्रेलिया हिवाळ्यात भारताच्या चार तास पुढे असते, पश्चिम ऑस्ट्रेलिया अडीच तास पुढे असते, आणि दोन्हींच्या मध्ये बॉर्डर व्हिलेजपासून केग्वनापर्यंतचा पट्टा स्वतःची वेगळीच वेळ पाळतो, जी भारताच्या सव्वातीन तास पुढे आहे. रोज वेळेचा हिशेब करताना कोणाची तरी चूक होणार हे उघड होते. म्हणून भावाने सुचवले, की वाईतल्या घड्याळात दुपारचा दीड वाजला की तू निरोप पाठवायचा, मग तुझ्या घड्याळात काहीही वाजलेले असो. तसे पाहता दीड म्हणजे नलारबोर रोडहाउसला साडेपाच, युक्लाला पावणेपाच आणि बॅलडोनियाला चार. ऑगस्टमध्ये या तिन्ही ठिकाणी सूर्यास्ताला तेव्हा पाऊण ते सव्वा तास उरलेला असतो. तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, त्याच्या आत गाडी थांबलेली असायलाच हवी, त्यामुळे हा दीडचा ठोका माझ्या मुक्कामाचा ठोकाही झाला. साडेचारपर्यंत निरोप आला नाही तर भावाने त्या दिवसाच्या नियोजित रोडहाउसला फोन करायचा आणि तिथेही पत्ता लागला नाही तर पोलिसांना कळवायचे, असे ठरले होते. सर्व रोडहाउसांचे क्रमांक लिहिलेला कागद वाईच्या फ्रिजवर चिकटवलेला होता.

व्हेल मासे पाहायला मी हेड ऑफ बाइट येथे थांबले. हिवाळ्यात सदर्न राइट जातीच्या माद्या पिलांना जन्म देण्यासाठी तिथे येतात आणि कड्याखालच्या पाण्यात आई-पिलू शेजारी शेजारी तरंगत असतात. पिलू आईच्या पाठीवर चढून घसरत होते, पुन्हा चढत होते. अर्धा तास थांबायचे ठरवून मी तिथे तीन तास बसले.

राज्याच्या सीमेवरची तपासणी मराठी स्वयंपाकघराला जड जाते, हे सांगून ठेवते. पश्चिम ऑस्ट्रेलियात शिरताना ताजी फळे, भाज्या, मध यांपैकी काहीही पुढे नेता येत नाही. फळमाशी आणि पिकांचे रोग रोखण्यासाठी हा नियम असून मला तो पूर्ण मान्य आहे. आदल्या रात्री मी उरलेले सगळे कांदे, लसूण आणि मिरच्या एका मोठ्या पातेलेभर पिठल्यात घालून टाकल्या आणि कढीपत्त्याची चटणी करून ठेवली. शिजवलेल्या पदार्थांना अधिकाऱ्यांनी हरकत घेतली नाही, मात्र मोहरी-मेथीचे डबे उघडून दाखवावे लागले. पुढचे चार दिवस मेतकूट-भात, भाजणीचे थालीपीठ आणि डाळ यांवर उत्तम निभावले.

आणि आता ज्यासाठी मुख्यतः हे लिहायला बसले तो दिवस. केग्वना ते बॅलडोनिया या १८२ किलोमीटरांच्या टप्प्यात १४६.६ किलोमीटर रस्ता एकदाही वळत नाही. मुंबईहून पुण्याला निघावे आणि वाटेत स्टिअरिंग हलवावेच लागू नये, असे ते अंतर आहे. दर थांब्यावर उतरून कॅराव्हॅनच्या प्रत्येक चाकाच्या मध्यभागी असलेल्या तुंब्याला हाताची पालथी बाजू लावून पाहायची सवय मला एका जुन्या जाणकाराने लावली होती. त्या दिवशी डावे चाक कोमट होते. उजव्या चाकाजवळ हात नेताच चटका बसला आणि जळक्या ग्रीसचा वास आला. निघण्यापूर्वी तीनच आठवडे आधी मी पैसे मोजून बेअरिंगची देखभाल करून घेतली होती. तिथे काय झाले आणि काय झाले नाही, हे त्या काळ्या पडलेल्या ग्रीसने सांगितले.

मी गाडी रस्त्यापासून शक्य तितकी आत घेतली, त्रिकोण लावले आणि रेडिओवर आधी चाळीस क्रमांकाच्या चॅनेलवर मालट्रकवाल्यांना व मग अठरावर कॅराव्हॅनवाल्यांना हाक दिली. बारा मिनिटांत एका ट्रकचालकाचे उत्तर आले. त्याने माझे ठिकाण नीट विचारून घेतले आणि बॅलडोनियाला पोहोचल्यावर रोडहाउसमध्ये सांगतो म्हणाला. तासाभराने मागून एक वृद्ध शेतकरी जोडपे आले. माझ्याकडे बेअरिंगचा सुटा संच, ग्रीस आणि जॅक होता, पण जुन्या बेअरिंगच्या कड्या ड्रममधून ठोकून काढायला लागणारा पितळी पंच नव्हता. तो त्या काकांच्या पेटीत होता. त्यांनी मला बाजूला उभे राहू दिले नाही. टोपण काढणे, कॉटर पिन सरळ करून ओढणे, नट सोडवणे, ड्रम उतरवणे हे सगळे त्यांनी माझ्याकडूनच करून घेतले. नवीन बेअरिंग तळहातावरच्या ग्रीसच्या गोळ्यावर दाबत दाबत फिरवायचे, दुसऱ्या बाजूच्या फटींतून ग्रीस किड्यांसारखे वर येईपर्यंत. मग चाक हाताने फिरवत नट आवळायचा, थोडा मागे घ्यायचा आणि नवी पिन घालायची. काकू छत्री धरून माशा हाकलत उभ्या होत्या. बॅलडोनियाला पोहोचले तेव्हा पंपावरची मुलगी बाहेर येऊन उभी होती. ट्रकवाल्याचा निरोप तिला मिळाला होता आणि मी अंधार पडेपर्यंत आले नाही तर कोणी निघायचे हेही ठरलेले होते. वाईला त्या दिवशी निरोप वीस मिनिटे उशिरा गेला.

ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी अवश्य विचारावे.

कृष्णाकाठ

ताई, लेख दोनदा वाचला. मी सांगलीला शाळेत इतिहास शिकवत होतो, आता निवृत्त आहे. माझी मुलगी मेलबर्नला असते आणि तिनेही असाच बेत बोलून दाखवला आहे, म्हणून बापाच्या काळजीने विचारतो. रात्री तुम्ही नेमक्या कुठे थांबत होता आणि एकट्या बाईने अनोळखी माणसांच्या शेजारी झोपणे सुरक्षित आहे हे तुम्ही कसे ठरवत होता?

एक गोष्ट मात्र सांगाविशी वाटते. तुम्ही ज्या पोर्ट ऑगस्टावरून गेलात, त्याच बंदरात १८६६ साली टॉमस एल्डर याच्यासाठी कराचीहून शंभराहून अधिक उंट आणि एकतीस उंटवाले उतरले होते. सरसकट अफगाण म्हणून ओळखल्या गेलेल्या या लोकांत बलुचिस्तान, सिंध, पंजाब इथलीही माणसे होती आणि कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होती. रेल्वे आणि मोटारी येईपर्यंत ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागाला पीठ, तारेचे खांब पोहोचवले आणि तिथली लोकर बाहेर आणली ती त्यांच्या उंटांनी. त्यामुळे आपल्याकडचा माणूस त्या वाटांवर नवखा आहे असे मला वाटत नाही.

आडवाट

सर, उंटवाल्यांची माहिती मला अर्धवटच होती, मनापासून आभार. मुलीच्या बाबतीत आपली काळजी रास्त आहे.

माझी पहिली पसंती नेहमी रोडहाउसच्या आवाराला होती, कारण तिथे दिवा असतो, माणूस असतो आणि आपण आल्याची नोंद होते. दोन रात्री मी रस्त्याकडेच्या विश्रांतीस्थळावर काढल्या. तिथे आधीच दोन-तीन कॅराव्हॅन उभ्या असतील तरच थांबायचे असे ठरवले होते. गाडी नेहमी तोंड रस्त्याकडे करून उभी करत असे आणि एका रात्रीच्या मुक्कामासाठी कॅराव्हॅन कधीही सोडवून ठेवत नसे, म्हणजे नुसती चावी फिरवून निघता येते. एका ठिकाणी मला कारण सांगता येणार नाही, पण बरे वाटले नाही. शेजारच्या गाडीतल्या माणसाने काही गैर केले नव्हते, तरी मी चहा तसाच ठेवून चाळीस किलोमीटर पुढे गेले. मुलीला एवढे जरूर सांगा, की अशा वेळी स्वतःला पटवून देत बसू नये, निघावे. दिवस मावळण्याआधी थांबण्याचा हाही एक फायदा आहे, की जागा आवडली नाही तर दुसरीकडे जायला उजेड शिल्लक राहतो.

"एकट्याच आहात का?" असे कोणी विचारले तर "मागून मंडळी येत आहेत" असे मी सांगत असे. त्यात मला अपराधी वाटत नाही.

मालमोटार

नाशिकला माझा तीस वर्षांचा मालवाहतुकीचा व्यवसाय आहे. चाकाला हात लावून पाहण्याची सवय आमच्याकडचे जुने ड्रायव्हर अजूनही पाळतात आणि त्या सवयीने कित्येक गाड्या वाचलेल्या मी पाहिल्या आहेत. तरी एक सुधारणा सुचवतो. हाताला गरम लागणे हे सापेक्ष असते. उन्हाच्या बाजूचे चाक आणि सावलीचे चाक यांत फरक पडतोच. दुरून तापमान मोजणारी छोटी बंदूक हल्ली स्वस्तात मिळते. प्रत्येक थांब्यावर दोन्ही चाकांचे आकडे वहीत लिहावेत. एका चाकाचा आकडा दुसऱ्यापेक्षा दर थांब्याला थोडाथोडा पुढे जाऊ लागला, की चटका बसण्याच्या शंभर किलोमीटर आधीच कळते.

दुसरे म्हणजे सुटे बेअरिंग नेण्यापेक्षा ग्रीस भरून, कड्या बसवून तयार केलेला अख्खा ड्रमच सोबत ठेवावा. मग पंच-हातोड्याचे काम उरत नाही. वजन वाढते हे खरे, पण ते ॲक्सलच्या जवळ ठेवता येते. आणि ज्यांनी तुमचे काम केले त्यांच्यासमोर यापुढे उभे राहून ते करून घ्या. बेअरिंगमध्ये ग्रीस भरले की नुसते टोपणाला चोपडले, हे नंतर बाहेरून कोणालाही दिसत नाही.

आडवाट

दोन्ही सूचना शिरसावंद्य. तापमानाची बंदूक कालच मागवली. तयार ड्रमचे त्या काकांनीही सांगितले होते, ते मी लिहायला विसरले.

पर्थवासी

धागा चांगला आहे, पण एक स्पष्ट इशारा दिल्याशिवाय राहवत नाही. आयर महामार्ग डांबरी आहे, त्यावर वर्दळ आहे, पंप आहेत, उड्डाण वैद्यकीय सेवेची विमाने उतरावीत म्हणून रस्त्याचेच काही पट्टे धावपट्टी म्हणून आखलेले आहेत. हा अनुभव वाचून कोणी "आपणही जमवू" म्हणत ग्रेट सेंट्रल रोडवर कॅराव्हॅन घेऊन निघाला तर ते फार महागात पडेल.

लॅव्हर्टन ते यूलारा हे अकराशे किलोमीटरांच्या आसपासचे अंतर बहुतांशी कच्च्या रस्त्याचे आहे आणि वाट आदिवासींच्या मालकीच्या भूमीतून जाते, म्हणून परवाने आधी घ्यावे लागतात. रस्त्यावर धुण्याच्या फळीसारख्या आडव्या लाटा असतात. टायरमधली हवा कमी करून, वेग आवरूनही त्या लाटा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक बिजागरी मोकळी करतात. माझ्या ट्रेलरची स्प्रिंगपट्टी तिथे तुटली तेव्हा मी एकोणीस तास एकाच जागी होतो. पाणी चाळीस लिटर होते, म्हणून आज हे लिहितो आहे. दुपारी मला क्षितिजावर छप्पर चमकल्यासारखे वाटले आणि तिकडे चालत जावे अशी फार तीव्र इच्छा झाली. मी गेलो नाही. गाडी सोडून चालायला लागलेली माणसेच या प्रदेशात दगावतात; विमानातून गाडी सापडते, माणूस सापडत नाही.

आणि कटू वाटले तरी बोलतो. आपल्यापैकी बरेच जण इथे आल्यावर दोन-तीन वर्षांत भाड्याची कॅराव्हॅन घेऊन थेट अशा प्रवासाला निघतात. अडकले की सोडवायला जातात ते दोनशे किलोमीटरांवरचे पोलीस, रोडहाउसचा मालक आणि स्वयंसेवक. एकट्याने जाण्याचा निर्णय आपल्या एकट्याचा असतो, पण त्याचा भार एकट्यावर राहत नाही.

आडवाट

पर्थवासी, आपले शेवटचे वाक्य मला पूर्णपणे मान्य आहे आणि ते मी मूळ लेखात लिहायला हवे होते. मी निघण्याआधी दोन वर्षे फ्लिंडर्स पर्वतरांगांच्या बाजूला दोन-दोन दिवसांच्या लहान फेऱ्या करत होते. कॅराव्हॅन मागे घेणे मी एका रिकाम्या मैदानात शिकले, तेही पाच रविवार घालवून. इतके केल्यावरही त्या दिवशी मला पंच दुसऱ्याचा वापरावा लागला. म्हणून कच्च्या रस्त्याचा विचार मी एकटीने करणार नाही. केलाच तर दोन गाड्यांनी.

आपण आदिवासी भूमीचा उल्लेख केलात त्याला जोडून लिहिते. नलारबोर हा शब्द लॅटिनवरून आला असून त्याचा अर्थ "एकही झाड नाही" असा होतो, आणि नकाशावर पाहताना तिथे कोणीच नाही असा समज होतो. मिर्निंग लोक त्या किनाऱ्यावर फार पूर्वीपासून राहत आले आहेत. महामार्गाच्या उत्तरेला मारालिंगा आहे, जिथे १९५६ ते १९६३ या काळात ब्रिटिशांनी अणुचाचण्या केल्या. त्या भूमीवर फिरणाऱ्या लोकांना त्यांच्या वाटा बंद झाल्या आणि त्यांच्यापैकी अनेकांचे वंशज आज महामार्गालगतच्या यालाटा येथे राहतात. मी तिथून गेले तेव्हा हे ठाऊक असल्यामुळे बाहेरच्या मोकळ्या माळाकडे पाहताना "रिकामा" हा शब्द तोंडात येईना.

मृगनक्षत्र

आकाशाबद्दल आपण एक ओळही लिहिली नाही, ही माझी तक्रार समजा. तिथे दिव्यांचा उजेड नसताना काय दिसले?

आडवाट

तक्रार मान्य. संध्याकाळी अंधार पडला की वृश्चिक थेट डोक्यावर असे. वाईला आम्ही गच्चीवरून तो दक्षिणेकडे पाहत असू, इथे मान पूर्ण मागे टाकावी लागत होती. त्रिशंकू नैर्ऋत्येला चांगला हातभर वर होता, आपल्याकडे उन्हाळ्यात तो क्षितिजावर जेमतेम दिसतो. त्याच्या शेजारी आकाशगंगेत एक काळा डाग आहे. इथल्या आदिवासी परंपरांत तो डाग इमू पक्ष्याचे डोके मानला जातो आणि मान व धड आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांनी वृश्चिकाकडे पसरलेले असते. तारे जोडून आकृती पाहायची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांना ताऱ्यांमधला अंधार पाहायला दोन रात्री लागल्या. तिसऱ्या रात्री इमू दिसला आणि मग तो दिसेनासा होईना. पहाटे आग्नेयेला अगस्ती असे. आपल्याकडे पावसाळा सरताना तो पुन्हा दिसू लागतो, म्हणून मी आईला तसा निरोप पाठवला, की अगस्ती इथे आधीच आला आहे.

निंबोणी

मी मेलबर्नला परिचारिका आहे आणि येत्या जूनमध्ये स्टुअर्ट महामार्गाने पोर्ट ऑगस्टा ते डार्विन असा बेत आहे. कॅराव्हॅन चौदा फुटांची आहे. मला सर्वांत जास्त धास्ती रोड ट्रेनची, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेल्या लांबलचक मालट्रकची, वाटते. एकदा एक बाजूने गेली तेव्हा कॅराव्हॅन तिच्याकडे ओढली गेल्यासारखी झाली आणि मी घाबरून ब्रेक दाबला. काय करायला हवे होते?

पर्थवासी

स्टुअर्ट महामार्गावर, विशेषतः नॉर्दर्न टेरिटरीत, तुम्हाला ५३.५ मीटर लांबीच्या रोड ट्रेन भेटतील आणि तिथे काही पट्ट्यांत वेगमर्यादा ताशी १३० किलोमीटर आहे. तुम्ही त्या वेगाने जायचे नाही, हे सांगायला नकोच. ग्लेंडॅम्बो ते कूबर पेडी हे अंतर अडीचशे किलोमीटरांचे असून मध्ये पंप नाही, तेव्हा ग्लेंडॅम्बोला टाकी भरूनच निघा. पाऊस पडला तर कच्चे फाटे बंद करतात आणि बंद रस्त्यावर गाडी घातल्यास मोठा दंड होतो, म्हणून रोज सकाळी रस्त्यांची स्थिती पाहत जा.

आडवाट

निंबोणी, ब्रेक दाबणे ही आपली सहज प्रतिक्रिया असते, पण तीच घात करते. गाडी हळू होते, मागचे ओझे होत नाही, आणि मग ते गाडीला ढकलू लागते. समोरून रोड ट्रेन येत असेल तर आपली डावी बाजू धरून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून वेग तसाच ठेवायचा. आधी हवेचा लोट बाहेर ढकलतो आणि लगेच मागून आत ओढतो, हे दोन्ही धक्के येणारच असे धरून चालले की घाबरायला होत नाही. कॅराव्हॅन झोलायला लागलीच तर पायाचा ब्रेक न लावता एक्सिलरेटर हळूहळू सोडावा आणि विद्युत ब्रेकच्या नियंत्रकावरची कळ हाताने दाबून फक्त कॅराव्हॅनचे ब्रेक लावावेत. ही कळ न पाहता सापडली पाहिजे. मी घराच्या दारात गाडी उभी ठेवून डोळे मिटून तिचा सराव केला होता.

रोड ट्रेन मागून येऊन पुढे जात असेल तर रेडिओच्या चाळीस क्रमांकाच्या चॅनेलवर बोला. "मागचा ट्रकवाला, मी नव्वदने चालले आहे, पुढे मोकळे दिसते" एवढे सांगितले तरी त्यांना फार बरे वाटते. तो बाजूला आला की आपण किंचित वेग कमी करायचा आणि त्याचे शेवटचे चाक आपल्यापुढे गेले की दिवा दाखवायचा, म्हणजे त्याला आत यायला जागा आहे हे कळते.

निंबोणी

खूप आभार, ताई. कळ डोळे मिटून दाबण्याचा सराव आजपासून सुरू केला. निरोपाची व्यवस्था तुमच्यासारखीच केली आहे. रत्नागिरीला माझी मावशी असते, तिला रोज भारतीय वेळेनुसार दुपारी दीडला निरोप पाठवायचा. मार्गातल्या सगळ्या रोडहाउसांचे क्रमांक तिला वहीत लिहून दिले आहेत. आणखी काही राहिले असेल तर सांगा.

आडवाट

एक गोष्ट बदला. दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी यांची वेळ जूनमध्ये एकच असते, त्यामुळे तुमचे घड्याळ वाटेत बदलणार नाही आणि दीड म्हणजे सगळीकडे साडेपाच. डार्विनकडे ते चालेल. पण जूनमध्ये कूबर पेडीला सूर्य पावणेसहाच्या आतच मावळतो, म्हणजे दीडचा निरोप जाईपर्यंत कांगारू रस्त्यावर आलेले असतील. तुम्ही साडेबाराची वेळ धरा, म्हणजे तुमच्याकडे साडेचार वाजलेले असतील आणि मुक्कामाची जागा पाहायला तासभर उजेड राहील. मावशींना गजर साडेबाराचा लावायला सांगा.